नोराबाईंचा रहिवासी दाखला

कागदावर जे नाही ते जगात नाही, असं मनापासून मानणारा एकच माणूस मला आजवर भेटला, आणि तो माझ्या नणंदेचा सासरा निघाला. असं बोलणारे पुष्कळ असतात, पण ते बोलतात आणि जेवायला बसतात. हे गृहस्थ जेवतानाही त्याच मताचे असत. ताटात दोन पोळ्या पडल्या की हलकेच ‘दोन, पोच’ म्हणत. मुलाला मोबाइलवर निरोप पाठवला की त्याखाली ‘माहितीस्तव सविनय सादर’ असं लिहीत, मग निरोप ‘येताना दूध आण’ एवढाच का असेना. सातारा जिल्ह्यात चौतीस वर्षं तलाठी म्हणून काढून ते निवृत्त झाले होते. म्हणजे दप्तर दुसऱ्याच्या ताब्यात गेलं होतं, तलाठी मात्र त्यांच्याजवळच राहिला होता. कुणी वारल्याची बातमी आली तर ते ‘अरेरे’ म्हणायच्या आधी ‘वारस किती’ असं विचारत, आणि उत्तर मिळाल्यावर खरोखर मनापासून ‘अरेरे’ म्हणत. नातवंडं त्यांना आबा म्हणतात, म्हणून आयर्लंडमधल्या या कॉर्क शहरातली आम्ही सगळी मराठी मंडळी त्यांना आबा म्हणू लागलो, आणि पुढे पुढे पत्रं टाकायला येणारी बाईसुद्धा.

फेब्रुवारीत ते तीन महिन्यांच्या व्हिसावर मुलाकडे आले. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने नेहमीचा प्रश्न विचारला, की किती दिवस राहणार आणि परत जाणार ना? आबांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी पिशवीतून आपल्या जमिनीचा सातबारा काढून खिडकीत सरकवला. ज्याच्या नावावर जमीन आहे तो परत जाणारच, हे जगातल्या कुठल्याही अधिकाऱ्याला सांगावं लागत नाही, अशी त्यांची समजूत. त्या अधिकाऱ्याने सातबारा उलटसुलट करून पाहिला, ‘ग्रँड’ म्हणाला आणि शिक्का मारला. त्यावरून या देशात ‘मंजूर’ला ‘ग्रँड’ म्हणतात हे आबांनी त्याच क्षणी टिपून घेतलं, आणि अर्थाच्या दृष्टीने पाहिलं तर त्यात फारशी चूकही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मुलाच्या घराची मोजणी केली. पावलांनी, पावसात, कानटोपी घालून. कुंपण वीतभर शेजाऱ्याच्या हद्दीत सरकलंय असं त्यात निघालं. मुलगा म्हणाला की बिल्डरने घातलंय, असू दे. आबांनी ते असू दिलं नाही. शेजारच्या पोलिश गृहस्थांना चहाला बोलावून त्यांनी ही गोष्ट समक्ष त्यांच्या कानावर घातली. दुभाषी म्हणून नातीला बसवलं होतं; तिला मराठी सगळं कळतं पण ती बोलते कॉर्कच्या इंग्रजीत, आणि आजोबा स्वतःविरुद्धच तक्रार करतायत हे तिलाही नीट समजलं नसावं. ते गृहस्थ इतके गडबडले, की आपलंच काहीतरी चुकलंय असं समजून त्यांनी रविवारी सगळं कुंपण रंगवून दिलं. आबांनी वहीत नोंद केली: ‘तंटा समोपचाराने मिटला.’ त्या वहीत आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घराची चतुःसीमा होती. नणंदेच्या घराची अशी होती: पूर्वेस बसथांबा, पश्चिमेस पोलिश गृहस्थ, दक्षिणेस नोराबाई, उत्तरेस पाऊस.

मी एका औषधांच्या कारखान्यात कागद तपासायचं काम करते. कुठल्या बॅचवर कुणाची सही आहे, तारीख घातली आहे का, खाडाखोड असेल तर तिच्यावर पुन्हा सही आहे का, हे पाहायचं. घरात माझ्या नोकरीत कुणाला कधी रस वाटला नव्हता. आबांनी मात्र दोन तास बसून ती समजून घेतली आणि म्हणाले, “म्हंजी ताई, तुमी आमच्याच खात्यातल्या.” तेव्हापासून त्यांची दुभाषी, कारकून आणि गाडीची चालक अशी तिन्ही पदं माझ्याकडे आली. तिन्ही बिनपगारी.

नोराबाई म्हणजे कोपऱ्यावरच्या जुन्या घरातली पंचाहत्तरीची बाई. आमची वसाहत व्हायच्या आधीपासूनचं ते घर. त्यात ती आणि तिचा मोठा भाऊ राहायचे. दोघांनी लग्नं केली नव्हती. भाऊ नाताळच्या थोडा आधी वारला. इथे घरांच्या वसाहतीला इस्टेट म्हणतात, आणि माणूस मेल्यावर मागे उरतं त्यालाही इस्टेटच म्हणतात. त्यामुळे नोराबाईच्या भावाने आमची सगळी वसाहतच तिच्या नावे ठेवली आहे अशी आबांची सुरुवातीला समजूत झाली होती, आणि दोन दिवस ते तिला रस्त्यातून वाकून नमस्कार करत होते. ओळख झाली ती त्यांनी तिच्या कुंपणाची मोजणी काढली तेव्हा. तिला वाटलं हा नगरपालिकेचा माणूस आहे. ती बाहेर आली आणि दारासमोरच्या खड्ड्याबद्दल सविस्तर बोलली. आबांना त्यातला एक शब्द कळला नाही, पण कुणी तक्रार सांगत असताना मध्ये बोलायचं नाही आणि लिहून घ्यायचं, ही चौतीस वर्षांची सवय. त्यांनी एक पानभर लिहून घेतलं. काय लिहिलं होतं कोण जाणे. आठवड्याभरात खड्डा बुजला. त्याचा आबांशी काही संबंध नव्हता हे मी तिला दोनदा सांगून पाहिलं, पण तिचा ‘मिस्टर आबां’वर जो विश्वास बसला तो बसला.

म्हणूनच वकिलाचं पत्र आलं तेव्हा ती ते घेऊन नणंदेकडे आली. मला फोन गेला. पत्र एका तरुण वकीलबाईचं होतं आणि त्यात मागितलेल्या माहितीची दोन पानी यादी होती. भावाच्या मृत्यूच्या दिवशी त्याच्या नावावर काय काय होतं, घराची किंमत किती, बँकेत काय, अंत्यविधीचा खर्च किती, बहिणीला त्याने आधी कधी काही दिलं होतं का. ज्याला वारशाने मिळतं त्याने हे सगळं भरून टॅक्सचं रिटर्न द्यायचं असतं. भावाकडून बहिणीला येणाऱ्या मालमत्तेला सूट अगदी थोडी, वर जे उरेल त्यावरचा कर एवढा, की तो भरायला नोराबाईला तेच घर विकावं लागलं असतं. सुटकेची वाट एकच होती. मृत्यूच्या आधीची तीन वर्षं ती त्याच घरात राहत असेल आणि तिला दुसरं घर नसेल, तर घरावर कर नाही. दुसरं घर नव्हतंच. तेव्हा राहत असल्याचा पुरावा पाठवावा, एवढंच वकीलबाईचं म्हणणं होतं.

मी हे मराठीत सांगितलं तेव्हा आबांना हसू आवरेना. “म्हंजी रहिवासी दाखला,” ते म्हणाले. “ह्यात काय हाय? हितल्या तलाठ्याकडं जायाचं.” इथे तलाठी नसतो असं मी सांगितलं. आधी त्यांना ती थट्टा वाटली. मग पटल्यावर त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. एवढा रंगवलेला, पेरलेला, कुंपणं घातलेला देश, आणि त्याला तलाठी नाही, हे दुःख त्यांना शेवटपर्यंत पुरलं.

पुराव्याचे कागद ‘प्रेस’मध्ये आहेत असं नोराबाई म्हणाली. आबांनी विचारलं की इस्त्रीला का दिलेत. इथे कपाटाला प्रेस म्हणतात हे त्यांना समजावून आम्ही तिच्या घरी गेलो. जिन्याखालच्या त्या कपाटात गरम पाण्याची टाकी होती, टॉवेल होते, आणि टॉवेलांच्या मागे बिस्किटांचे अकरा डबे. भावाने प्रत्येक पावती, प्रत्येक बिल वर्षवार लावून रबरबँडने बांधून ठेवलं होतं. आबांनी पहिला डबा उघडला आणि टोपी काढून बाजूला ठेवली. “मयत इसम शिस्तीचा हुता,” ते म्हणाले. ज्या माणसाला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं त्याच्याबद्दल त्यांना त्या दिवसापासून जो आदर वाटू लागला, तो त्यांनी आपल्या सख्ख्या व्याह्यांबद्दल, म्हणजे माझ्या सासऱ्यांबद्दल, कधी दाखवलेला मला आठवत नाही.

तीन शनिवार आम्ही ते डबे उपसत होतो. घर भावाच्या नावावर, वीज भावाच्या नावावर, फोन भावाच्या, टीव्हीचा परवाना भावाच्या. आमच्याकडच्या पुष्कळ बायकांना यात नवल वाटणार नाही. नवऱ्याच्या व्हिसावर इथे आल्यावर पहिली दोन वर्षं माझ्याही नावावर फक्त वाचनालयाचं कार्ड होतं. पण नोराबाईच्या नावाचे थोडे कागद निघाले, आणि ते निघाले नसते तर बरं झालं असतं. तिची पेन्शन, तिचं औषधांचं कार्ड, दवाखान्याची पत्रं, सगळ्यांवर गेल्या दीडेक वर्षापासून भलताच पत्ता होता. पाच मैलांवरच्या गावातला.

आबांनी ते कागद ओळीने टेबलावर मांडले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिले. मग मला म्हणाले, “कागद बगितला तर बाई हितं राहतच न्हाई.”

नोराबाईने आधी सांगितलं की तिथलं पोस्ट सोयीचं पडतं. आबांनी ते लिहून घेतलं. दुसऱ्या चहाला ती म्हणाली की तिथे तिची मैत्रीण राहते. तेही लिहून घेतलं. तिसऱ्या चहाला तिने खरं काय ते सांगितलं. भाऊ वारला त्याच्या आदल्या वर्षी, नोव्हेंबरात, त्याने तिला न विचारता त्यांच्या आईचं शिवणयंत्र धर्मादाय दुकानात देऊन टाकलं. वीस वर्षं कुणी त्याला हात लावला नव्हता, असं त्याचं म्हणणं. ती भांडली नाही. बॅग भरली आणि मैत्रिणीकडे गेली, ती मार्चअखेरपर्यंत तिथेच राहिली. रागाच्या भरात सगळीकडचा पत्ताही बदलून टाकला. मग एक दिवस परत आली, भावाने दार उघडलं, दोघांनी चहा घेतला. त्या पाच महिन्यांविषयी पुढे कुणी एक शब्द काढला नाही, आणि पत्ता बदलायचा राहून गेला. “मी गेले काय आणि राहिले काय, त्याला फरक पडला नव्हता,” ती म्हणाली. हे वाक्य लिहून घेऊ नका, असंही म्हणाली.

मी आबांना मराठीत सुचवलं की त्या पाच महिन्यांचा उल्लेखच नको. पत्ता चुकून बदलला होता असं म्हणावं, शेजारीपाजारी दोन ओळी लिहून देतील. घर जायची वेळ आलेली असताना पाच महिने म्हणजे काय मोठंसं. आबांनी पेनाला टोपण लावलं. कुणी चुकीचं काही सुचवलं की ते रागावत नसत, फक्त टोपण लावत.

“मयताच्या कागदात खोटं लिवायचं न्हाई ताई,” ते म्हणाले. “त्याला उठून दुरुस्ती करता येत न्हाई.”

अशा रीतीने, जो माणूस कागदाबाहेरचं काही मानायला तयार नव्हता तो कागदाविरुद्ध पुरावा शोधायला बसला. पुढचा सगळा आठवडा त्यांना जेवण गेलं नाही. नणंद सांगते की ‘एक, पोच’वर काम भागत होतं. नोराबाई आपल्या स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून भांडी घासत होती. घराची किंमत ठरवायला माणूस येऊन गेला होता. त्याने खोल्या मोजल्या तेव्हा ती त्याच्यामागून फिरत होती आणि तो ज्या खोलीतून बाहेर पडेल तिथला दिवा बंद करत होती.

मग आबांना तेलाच्या पावत्या सापडल्या. इथे घर तापवायला मागे अंगणात टाकी असते आणि तिच्यात जे तेल भरतात ते आपलं रॉकेलच. हे मी बोलून गेले आणि आबा परक्या मुलखात गाववाला भेटावा तसे माझ्याकडे पाहत राहिले. रेशनकार्डांची तपासणी करताना घरात खरी माणसं किती हे त्यांनी जन्मभर रॉकेलावरूनच ओळखलं होतं. कार्डावर आठ नावं आणि रॉकेल तिघांचं, असं असलं की ते न बोलता पाच नावं खोडत. आता त्यांनी सहा हिवाळ्यांच्या पावत्या घेतल्या आणि लिटरचे आकडे एकाखाली एक लिहिले. नोराबाई नव्हती त्या हिवाळ्यात रॉकेल कमी लागायला हवं होतं. ते कमी नव्हतं. उलट थोडं जास्तच होतं.

आबांनी दुसऱ्या दिवशी नोराबाईला माझ्यामार्फत कळवलं की तुम्ही सांगता ते खरं नसावं. रॉकेलाच्या म्हणण्याप्रमाणे तुम्ही घरातच होता. तिने कप खाली ठेवला. आपण खोटं बोलणाऱ्यातल्या नाही, पाच महिने मैत्रिणीच्या सोफ्यावर काढलेत आणि पाठीला त्याची अजून आठवण आहे, असं ती म्हणाली. दोन दिवस ती आमच्याशी बोलली नाही. खरं बोलण्याचा हट्ट दोघांचाही सारखाच, त्यामुळे मध्यस्थी करायला जागाच नव्हती.

बुधवारी तेलवाला नोराबाईची टाकी भरायला आला. मी अर्धी रजा काढली होती, कारण त्याचा जबाब घ्यायचा होता. आबा अंगणात छत्री धरून उभे, वहीवर प्लॅस्टिकची पिशवी. तेलवाला पन्नाशीचा, बोलका गडी. एका हाताने नळी धरून म्हणाला की तो हिवाळा त्याच्या चांगला लक्षात आहे, कारण ‘युअर मॅन’ने तेल लवकर मागवलं होतं. इथे कुणाही पुरुषाला सहज असं म्हणतात. आबांनी हात वर केला. त्यांना तेवढे दोन शब्द कळले होते. “मयत हा ताईंचा माणूस न्हाई. नोराबाईंचा भाऊ. दुरुस्ती करा.” मी दुरुस्ती केली. तेलवाल्याने माफी मागितली आणि पुढे सांगू लागला.

त्याने भावाला विचारलं होतं, की एकट्याला एवढं तेल कशाला? तेव्हा भाऊ त्याला जिन्यावरून वर घेऊन गेला. बहिणीच्या खोलीतला रेडिएटर वरच्या बाजूने गार पडत होता, तो जरा बघ म्हणाला. तेलवाल्याने त्यातली हवा काढून दिली. अंथरूण नीट घातलेलं होतं, खिडकी पुसलेली होती. रिकाम्या खोलीला ऊब कशाला, बंद करून टाका, असं त्याने सुचवलं. त्यावर भाऊ जे म्हणाला ते तेलवाल्याने इंग्रजीत सांगितलं. मी मराठीत म्हटलं:

“ती बाहेर गेलीय. निघून गेलेली नाही.”

“पुन्ना सांगा,” आबा म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी ते लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढली. ते रेघ ओढत असताना मला मागच्या दारात नोराबाई दिसली. हातात तीन मगांचा ट्रे होता. तिने किती ऐकलं ते मला माहीत नाही. तिने ट्रे ओट्यावर ठेवला, चहा गार होईल एवढं म्हणाली आणि आत गेली. जिन्याच्या पायऱ्या वाजल्या. वरच्या खोलीचं दार उघडल्याचा आवाज आला. टाकी भरून झाली, तेलवाला जबाबाखाली सही करून गेला, चहा खरोखर गार झाला, तरी ती खाली आली नाही. मी हाक मारणार होते, पण आबांनी अडवलं.

“राहू द्या,” ते हळूच म्हणाले. “जागेची पाहणी चालू हाय.”

जबाब तयार झाला तो असा: मी, खाली सही करणार, धंदा तेल पोचवणे, राहणार कॉर्क, समक्ष विचारल्यावरून लिहून देतो की. पत्रं टाकणाऱ्या बाईचा जबाब होता, मैत्रिणीचा होता. नोराबाई बॅग एकच घेऊन आली होती आणि हिवाळी कोटसुद्धा घरी ठेवून आली होती, असं मैत्रिणीने लिहून दिलं होतं. सहा हिवाळ्यांच्या रॉकेलाचा तक्ता होता. पत्ता का बदलला याचा नोराबाईचा स्वतःचा जबाब होता, शिवणयंत्रासकट, काहीही न वगळता. मी सगळ्याचं इंग्रजी केलं, पण आबांनी मूळ मराठी प्रतीही जोडायला लावल्या, कारण भाषांतर ही ऐकीव गोष्ट आहे. शहरातल्या ऑफिसात वकीलबाईने ते सगळं सावकाश वाचलं. शेवटी म्हणाली की हे इथल्या पद्धतीच्या शपथपत्रांत बसवावं लागेल, पण मजकुराला ती हात लावणार नाही. तात्पुरतं बाहेर राहणं आणि घर सोडणं यात फरक आहे, तोच मुद्दा तिला हवा होता, आणि तो त्या भावाच्या तोंडूनच आला होता. मग तिने विचारलं, हे कुणी तयार केलं? आबा खुर्चीतून उठून उभे राहिले, साहेब आल्यावर राहतात तसे. ती म्हणाली, “ग्रँड.” आबांनी हात जोडले.

शहरात गाडी लावायला जागा मिळत नाही म्हणून बसनेच गेलो होतो; परतताना आम्ही तिच्या वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढे बसलो होतो.  नदी ओलांडल्यावर ते म्हणाले, “मला एक भन हाय.”

मी आबांच्या घराला अकरा वर्षं ओळखते. हे मला माहीत नव्हतं.

वडील गेल्यावर ते दोघे भाऊ आणि ही बहीण, असे तीन वारस होते. बहिणीने आपला हिस्सा सोडल्याचा कागद, हक्कसोड, तो आबांनीच लिहिला होता. ती सकाळच्या एसटीने तालुक्याला आली होती. येताना आबांच्या मुलांसाठी शेंगदाण्याचे लाडू आणले होते. आबांनी जिथे बोट ठेवलं तिथे तिने सही केली आणि दुपारच्या एसटीने परत गेली. “तिनं इचारलं न्हाई काय लिवलंय,” आबा म्हणाले. “मी सांगितलं न्हाई.” थोड्या वेळाने त्यांनी मला समजावून सांगितलं की नोटीस बजावली होती, मुदत दिली होती, हरकत आली नाही, नोंद मंजूर झाली. सगळं कायदेशीर होतं. मी हो म्हटलं. “अशा लई भनींच्या सह्या घेतल्या मी, ताई,” ते म्हणाले. “नोकरीच ती हुती.”  आमचा थांबा आला होता, म्हणून मी घंटी दाबली.

मेमध्ये ते परत गेले. जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी एका कोऱ्या कागदावर, रेघ न चुकता, सुंदर अक्षरात नोराबाईला दाखला लिहून दिला: सदर बाई वर नमूद केलेल्या ठिकाणच्या कायमच्या रहिवासी असून त्यांना मी समक्ष ओळखतो, सबब दाखला दिला असे. शिक्का नाही याची त्यांना फार चुटपुट लागली होती. नोराबाईने मला विचारलं की हा कुठे चालेल. मी म्हटलं, जगात कुठेही नाही. तिने तो स्वयंपाकघरात भिंतीवर लावला. कधी गेले की मला वाचून दाखवायला सांगते.

रिटर्न भरलं गेलं. कराच्या खात्याने एकदा दोन प्रश्न विचारले, वकीलबाईने तेलवाल्याचं शपथपत्र पाठवलं, आणि घरावरची सूट मान्य झाली. हे सांगायला मी आबांना फोन केला. त्यांनी पत्राचा जावक क्रमांक विचारला, तो लिहून घेतला, आणि मग नोराबाईंची पाठ कशी आहे ते विचारलं. नणंदेकडून मला एक गोष्ट कळली होती. घरी पोचल्यावर त्यांनी बॅगसुद्धा उघडली नव्हती. दुसऱ्या दिवशी उठून ते बहिणीच्या गावाला गेले होते, आणि महिन्याभरात तालुक्याला जाऊन त्यांनी आपल्या हिश्श्यातल्या तुकड्याचं बक्षीसपत्र तिच्या नावे तयार करून घेतलं होतं. घेणाऱ्याचीही त्यावर सही लागते. मी विचारू की नको असं करत विचारलं, की सही झाली का.

“कागद फुडं केला,” आबा म्हणाले. “पेन दिला. ती म्हनली, ह्या टायमाला आधी वाचून दाव.”

“मग?”

“वाचला की. सबंद वाचला. दोन येळा. तिला ऐकू कमी येतं.”

“आणि सही?”

“न्हाई केली. भाकरी केली. म्हनली, उशीर झालाय, आता जा, पर पुन्ना यिऊन वाच.”

तेव्हापासून ते दर गुरुवारी सकाळच्या एसटीने जातात. कागद पिशवीत असतो. नणंद म्हणते, एवढ्या गुरुवारांत आत्याबाईंना तो पाठ झाला असेल. अजून सही झालेली नाही.